दारातला पेंढा

हेस्टर थर्लो समोरच्या घरात राहायला आली त्या दिवशी मी माझ्या भावाला म्हटलं होतं, "ही बाई इथं टिकायची नाही." कारण काय, तर सामानाची गाडी रिकामी होत असताना ती दारात उभी राहून हमालांशी हसत बोलत होती. आमच्या कॅसल स्ट्रीटवर डॉक्टरची बायको हमालांशी हसत नाही. वकिलाची बहीणसुद्धा हसत नाही, आणि ती वकिलाची बहीण म्हणजे मीच. माझ्या भावानं, लायनेलनं, लग्न केलं नाही, मला कुणी विचारलं नाही, त्यामुळे हॅरोबी वकिलांचं घर मी चालवते आणि त्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून सगळ्या रस्त्यावर लक्ष ठेवते. याला लोक चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या घरात दुखणं आलं की रस्सा घेऊन पहिली मीच पोचते, तेव्हा कुणी काही म्हणत नाही.

आमचा रस्ता चढाचा आणि दगडी फरशीचा आहे. गाडी वर चढताना घोड्यांचे नाल घसरतात, उतरताना चाकं अशी खडखडतात की बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू करतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. या रस्त्यावर राहणं म्हणजे मान. एका बाजूला वकील, आर्किटेक्ट, बँकेचे मॅनेजर, दुसऱ्या बाजूला चर्चचे बडे अधिकारी आर्चडीकन आणि आता हे नवे डॉक्टर.

डॉक्टर ऑस्टिन थर्लो हुशार होते. पण या गावात डॉक्टर नुसता हुशार असून भागत नाही. त्याला कोण घरी बोलावणार, हे त्याची बायको कुणाकुणाच्या दिवाणखान्यात बसते त्यावर ठरतं. प्रत्येक घराचा एक वार असतो. आमचा मंगळवार, आर्किटेक्टची बायको मिसेस डकेट हिचा बुधवार, हेस्टरनं गुरुवार घेतला. त्या दुपारी बाईनं चांगला पोशाख करून चहा आणि शहाजिऱ्याचा केक मांडून बसायचं. बाकीच्यांनी यायचं, पाव तास हवेबद्दल बोलायचं आणि उठायचं. जास्त बसली तर चिकट, लवकर उठली तर शिष्ट. कुणी दारात नुसतं नावाचं कार्ड टाकून गेलं तर आपणही नुसतं कार्डच टाकायचं. तिथं आत जाऊन बसलं की झालं, वर्षभर बोलायला विषय.

हेस्टरचा बाप खेड्यातला पाद्री. तिला यातलं काही येत नव्हतं. पण शिकली. हमालांशी हसणं बंद केलं. जेवणाचं आमंत्रण असलं की आमच्यासारखंच तीही भाजीवाल्या पॉटला पांढरे हातमोजे चढवून बटलर म्हणून उभा करायला लागली. सकाळी ज्याच्याशी कोबीवरून हुज्जत घातली, त्यालाच संध्याकाळी आपलं नाव सांगायचं, आणि त्यानं ते जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखं मोठ्यानं पुकारायचं! हेस्टरला पहिल्यांदा ते पाहून हसू आवरेना. पुढे ती हसेनाशी झाली. गाव तिच्यावर खूश झालं आणि मी जरा हळहळले.

तिला मूल एकच, विनिफ्रेड. सगळे विनी म्हणायचे. सहा वर्षांची असेल. एवढा आवाज एवढ्याशा देहातून कुठून निघतो, असं वाटायचं. "मिस हॅरोबी, तुमची मांजर आमच्या भिंतीवर बसलीय! हाकलू का?" असं रस्त्याच्या पलीकडून ओरडायची आणि आर्चडीकन दचकायचे. तिचा एक खेळ होता. खिडकीकडे पाठ करून बसायचं आणि नुसत्या चाकांवरून गाडी ओळखायची. "ही पार्गेटर डॉक्टरांची. चाक किंचाळतंय." "ही पाववाल्याची. घोडा लंगडतोय." मी खिडकीतून पाहून खरं-खोटं करायची. एकदासुद्धा चुकली नाही. मी तिला बक्षीस म्हणून आल्याची बिस्किटं द्यायची आणि तिची आई मला दटावायची, की मिस हॅरोबी, तुम्ही लाडावून ठेवलीत.

त्या वर्षी हिवाळा सरताना टेकडीवरच्या मोठ्या घरातल्या लेडी ऑलर्टन यांचा निरोप आला, की येत्या गुरुवारी त्या मिसेस थर्लोंकडे येतील. याचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही कळत होता. त्यांचे जुने डॉक्टर पार्गेटर थकले होते, हात थरथरायला लागले होते. लेडीसाहेब नवा डॉक्टर शोधत होत्या आणि त्या नेहमी बायकोपासून सुरुवात करत. त्यांनी डॉक्टर धरला की त्यांच्या मागोमाग अख्खा जिल्हा त्याला धरणार. थर्लो कुटुंब इथं आलं तेव्हापासून याच एका गुरुवारसाठी जगत होतं म्हणा ना.

आणि त्याच आठवड्यात विनीला ताप भरला.

आधी वाटलं सर्दी. मग मान ताठ झाली, उजेड सहन होईना. ताप मेंदूत चढला होता. डॉक्टरांनी तिचे केस कापले, डोक्यावर बर्फ ठेवला, पडदे ओढले. पण आवाजाला पडदा कुठून लावणार? गाडी गेली की पोरगी कमानीसारखी ताणली जायची आणि किंकाळी फोडायची. कधीकाळी जिला प्रत्येक चाक ओळखीचं होतं, तिला आता प्रत्येक चाक डोक्यावरून गेल्यासारखं वाटत होतं.

यावर आमच्याकडे उपाय आहे, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. मोठं दुखणं असलं की घरासमोरच्या रस्त्यावर जाड पेंढा पसरतात, चाकांचा आवाज मरावा म्हणून. दारावरच्या पितळी कडीला हातमोजा बांधतात. पेंढा दिसला की गाडीवाले आपसूक घोडा हळू करतात, फेरीवाले ओरडणं थांबवतात. बुधवारी संध्याकाळी मी रस्सा घेऊन गेले तेव्हा जिन्याखाली नवराबायको त्याबद्दलच बोलत होते. मी खाकरले. त्यांना ऐकू गेलं नाही.

"पेंढा घालू या हो," हेस्टर म्हणत होती. "निदान दोन दिवस."

"डॉक्टरच्या दारात पेंढा?" डॉक्टरांचा आवाज बसला होता. त्यांनीही झोप घेतली नव्हती. "अगं, कळतंय का तुला? उद्या गाव म्हणेल, घरचं पोर बरं करता येईना, हा आमची काय करणार! आणि नेमकं उद्या."

"मग उद्याचं रद्द करू. एलेन दारातून सांगेल, बाईसाहेब घरी नाहीत." एलेन म्हणजे त्यांची मोलकरीण.

"लेडी ऑलर्टनना? त्या दुसऱ्यांदा येत नाहीत, हेस्टर. कुणाकडेच नाही." मग म्हणाले, "पाव तासाचा प्रश्न आहे. पाव तास काढ. संध्याकाळी लागेल तेवढा पेंढा घालू, मी स्वतः घालतो."

तिनं वर, विनीच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं." मला तो माणूस दुष्ट वाटत नव्हता, आजही वाटत नाही. घाबरलेला माणूस होता. या रस्त्यावर घाबरलेली माणसं बरीच राहतात, फक्त पडदे चांगले असतात.

गुरुवारी मी मुद्दाम लवकर गेले. हेस्टरनं करड्या रंगाचा रेशमी पोशाख घातला होता. डोळ्यांखाली पावडर लावली होती, ती तिनं एरवी कधी लावली नव्हती. डॉक्टर वर विनीजवळ होते. लेडी ऑलर्टन येणार म्हणून झाडून सगळ्या आल्या होत्या, आणि जिची स्वतःची गाडी नाही ती भाड्याची करून आली होती, पायी आलेलं दिसू नये म्हणून! बाहेर नुसता खडखडाट. मिसेस डकेट केकचा तुकडा उचलून मला म्हणाली, "आज शहाजिरं जरा सढळ पडलंय, नाही का? उमेदवारीचा दिवस आहे म्हणा." मी म्हटलं, "तुमच्या बुधवारी शोधावं लागतं."

मग लेडी ऑलर्टनची गाडी आली. दोन घोड्यांची, जड, जुनी. टेकडी उतरून घोडे घामेजले होते. एवढ्या थंडीत घामेजलेले घोडे उभे करत नाहीत, म्हणून लेडीसाहेब उतरल्यावर गाडीवान घराच्या समोरच गाडी फिरवायला लागला. वर चढ, वळव, खाली उतर, वळव. नेमकी विनीच्या खिडकीखालून.

"नदीच्या बाजूनं दमट हवा येते म्हणे इकडे," लेडी ऑलर्टन बसता बसता म्हणाल्या.

"आमच्यापर्यंत नाही येत," हेस्टर म्हणाली. "साखर घेता ना?"

तेवढ्यात वरून किंकाळी आली. मग खाली गाडी वळली, पुन्हा किंकाळी.

"कोण ते?" लेडी ऑलर्टननी विचारलं.

"आमची विनी," हेस्टर हसून म्हणाली. "आज हट्टाला पेटलीय. जाम दिला नाही म्हणून."

"अगदी योग्य केलंत. रडू दे. माझ्या चारही मुलांना मी असंच रडू दिलं. एकदा ऐकलं ना, की डोक्यावर बसतात."

"हो ना," हेस्टर म्हणाली आणि चहा ओतला. बशीत थेंबसुद्धा सांडला नाही. तो न हललेला हात आठवला की मला अजून राग येतो. कुणाचा येतो, ते मला नीट सांगता येत नाही.

गाडी पुन्हा चढली, पुन्हा उतरली. लेडीसाहेबांना हेस्टर आवडली होती, ते दिसत होतं. त्या तिला टेकडीवर जेवायला बोलावण्याच्या बेतात होत्या. "तुम्ही आणि डॉक्टर थर्लो," असं त्यांनी सुरूही केलं होतं. आणि वरून शब्द ऐकू आले, अगदी स्पष्ट.

"आई! दगड थांबव! आई, ते दगड थांबव ना!"

खोलीत कुणी हललं नाही. हे जामासाठीचं रडणं नव्हतं, एवढं तर मिसेस डकेटलाही कळलं. हेस्टरनं चहादाणी खाली ठेवली, तिच्यावर कापडी टोपी नीट बसवली, "माफ करा हं," म्हणाली आणि बाहेर गेली. आम्हाला वाटलं वर गेली.

ती वर गेली नव्हती. मागच्या अंगणातल्या तबेल्यात गेली होती. जरा वेळानं खिडकीतून आम्ही पाहिलं, तर हेस्टर थर्लो घोड्याखालचा पेंढा कवळ्यात घेऊन रस्त्यात आली होती. ओला, शेणाचा, हाताला लागेल तो. तिनं तो दगडांवर टाकला, पायानं पसरला आणि पुन्हा बोळातून मागे पळाली. रेशमी पोशाख गुडघ्यापर्यंत घाण झाला होता. गाडी वरून उतरत होती.

मी उठले. टोपी न घालताच रस्त्यावर आले, याचा लायनेलला पुढे फार त्रास झाला. गाडीवानापुढे हात आडवे करून म्हटलं, "थांब तिथंच!"

"बाई, मला हुकूम आहे, घोडे फिरते ठेवायचे."

"हुकूम गेला खड्ड्यात. आणखी एक पाऊल टाकलंस तर मीच लगाम धरीन. वर ने गाडी, चर्चपाशी उभा राहा!"

तो गडबडून थांबला. मी आमच्या तबेल्यातला पेंढाही उपसायला लावला. आम्ही दोघी पसरत होतो आणि खिडकीत सगळ्या बायका उभ्या होत्या, हातात कप घेऊन. सदऱ्याच्या बाह्या वर केलेले डॉक्टर दारात आले. बायकोकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"हेस्टर, आत चल."

"तुम्ही आत जा," ती म्हणाली. हात थांबवले नाहीत. "तिच्याजवळ बसा."

ते गेले. गुमान गेले. मग हेस्टरनं आपला एक हातमोजा आणून दाराच्या कडीला बांधला. तोवर लेडी ऑलर्टन बाहेर आल्या होत्या. झग्याचा घोळ उचलून त्या पेंढ्यावरून चालत निघाल्या, हेस्टरपाशी थांबल्या.

"तुम्ही जाम म्हणाला होतात, मिसेस थर्लो."

"हो," हेस्टर म्हणाली. "खोटं बोलले."

लेडीसाहेबांनी घोळ पुन्हा वर उचलला. चर्चपर्यंत पायी चालत गेल्या. एवढ्यात एलेन धापा टाकत दारात आली. "बाईसाहेब, शांत झाली! डोळे उघडे आहेत, पण अगदी शांत झालीय!"

वर चर्चपाशी ती जड गाडी उघड्या दगडांवर वळली. केवढा खडखडाट झाला! आम्ही दोघींनी दचकून वरच्या खिडकीकडे पाहिलं. काही नाही. टूं नाही, चूं नाही. हेस्टर हसायला लागली. केसांत काड्या, हाताला शेण, आणि ती हसत होती, त्या पहिल्या दिवशी हमालांशी हसली होती तशी.

"ऐकलंत, मिस हॅरोबी? तेवढ्या आवाजानंसुद्धा ओरडली नाही! आता झोप लागेल हो पोरीला!"

पुढचे दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं ती मला नंतर एकदा म्हणाली. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले होते तेच गावानं केलं. लेडी ऑलर्टननी नदीपलीकडचा तरुण डॉक्टर धरला, आणि त्यांच्यामागून बाकीच्यांनीही. पुढच्या गुरुवारी थर्लोंकडे मी एकटी होते. दोघी मिळून केक संपवला. "जाऊ देत सगळे," हेस्टर म्हणाली. "पोरगी राहिली ना! मला आणखी काय हवंय?" आणि गावात, अगदी मिसेस डकेटसुद्धा, खासगीत मान्य करायची, की बाई वेडी खरी, पण पेंढ्यानं पोर वाचवली.

विनी उशीला टेकून बसायला लागली. फार कमी बोलायची. बोलली की आवाज विचित्र यायचा, एकदम मोठा, नाहीतर अगदी खाली. आम्ही बोललो की तोंडाकडे टक लावून बघायची. हेस्टर म्हणायची, अशक्तपणा आहे, भरून निघेल.

पावसानं पेंढा कुजला. वास सुटला. लायनेल रोज जेवताना नाक धरायचा. "ॲग्नेस, हा रस्ता आहे की गोठा? मुलगी बरी झाली ना? मग आता काय त्यात अळंबी लावणार आहेत का?" त्यानं नगरपालिकेत शब्द टाकला. हे कळल्यावर डॉक्टर थर्लो स्वतः आमच्याकडे आले. आम्ही दोघं चाटच पडलो. ज्या माणसानं पेंढ्याला नाही म्हटलं होतं, तो हात जोडल्यासारखा उभा राहून म्हणत होता, "हॅरोबीसाहेब, आणखी काही दिवस राहू द्या. कृपा करा."

"पण मुलगी तर आता बरी आहे ना?" लायनेलनं विचारलं.

"बरी आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

तरीही झाडूवाले आलेच. त्या सकाळी मी विनीकडे बसले होते. ती जमिनीवर खिडकीकडे पाठ करून बाहुलीला कपडे घालत होती. हेस्टर रफू करत होती. खाली शेवटचा पेंढा ढकलगाडीत भरून नेला आणि लगेच वरून दारूभट्टीची गाडी आली, पिंपांनी भरलेली. तो आवाज मी वर्णन करत नाही. खिडकीची तावदानं थरथरली. हेस्टर रफू फेकून पोरीकडे झेपावली, तिचे कान झाकायला.

विनी बाहुलीची गुंडी लावत होती. गुंडी लागेना म्हणून तिनं जीभ बाहेर काढली होती. गाडी गेली. तिनं मान वर केली नाही.

हेस्टरचे हात तिच्या कानांपाशी तसेच राहिले. मग तिनं हळूच मागे सरून एक टाळी वाजवली. मग जोरात. मग शेगडीजवळची कोळशाची बादली उचलून जमिनीवर आदळली. मी किंचाळले. विनीला जमिनीचा हादरा बसला तेव्हा तिनं वळून पाहिलं आणि कोळसे सांडलेले बघून खुदकन हसली.

आवाज ऐकून डॉक्टर दारात आले होते. हेस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना विचारायची गरज नव्हती, पण तिनं विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिवशी तिच्या कानाशी घड्याळ धरलं होतं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तू हसत होतीस," डॉक्टर म्हणाले.

ती खाली बसली. कोळशांतच बसली. "म्हणजे ती गप्प झाली, ती पेंढ्यानं नव्हे."

"नव्हे."

"मी तबेल्यात होते तेव्हाच..."

"हेस्टर, पेंढा आधी घातला असता तरी तापानं कान नेलेच असते. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो."

"पण तिनं शेवटचं काय ऐकलं?" हेस्टर म्हणाली. "अहो, सांगा ना. शेवटचं काय ऐकलं तिनं?"

डॉक्टर वाकून कोळसे बादलीत भरायला लागले. शेवटचं तिनं लेडी ऑलर्टनच्या गाडीची चाकं ऐकली, आणि ती थांबवायला आईला हाक मारली, आणि आई खाली साखर विचारत होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्यानंतर हेस्टरनं कुठलाच वार ठेवला नाही. कार्डं चुलीत घातली. डॉक्टर नदीकाठच्या गरीब वस्तीत आणि अनाथाश्रमात काम करत राहिले, खंगत गेले आणि एका हिवाळ्यात त्याच वस्तीतला ताप घेऊन वारले. हेस्टर बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊन बोटांनी अक्षरं करून बोलायची भाषा शिकली आणि विनीला शिकवली, मलाही. विनीच्या तोंडची बोली हळूहळू गेली. रस्त्यावरून ओरडणारी पोरगी पुन्हा कधी ओरडली नाही. एकदा मी हेस्टरला म्हटलं, की झालं गेलं सोडून दे आता. तिनं मला घराबाहेर काढलं. मी आठवडाभर गेले नाही आणि मग पुन्हा रस्सा घेऊन गेले. तिनं ताट मांडलं. मी तिला पुन्हा तसं काही म्हटलं नाही. माझ्या मते तो अपराध एकट्या तिचा नव्हता, अख्ख्या रस्त्याचा होता. पण रस्त्याला झोप लागत होती, तिला लागत नव्हती.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या उन्हाळ्यात हेस्टरनं अंथरूण धरलं. पोटात गाठ होती. तिचे कान मात्र शेवटपर्यंत तिखट होते. चाकं वाजली की डोळे मिटून घ्यायची, ओठ आवळायची. दुखण्यानं की आठवणीनं, मी विचारलं नाही. रस्त्यावर पताका लावल्या होत्या. मेयर, कौन्सिलर, टेकडीवरची मंडळी, सगळ्यांच्या गाड्यांची मिरवणूक आमच्याच चढानं जाणार होती.

मिरवणुकीच्या सकाळी मी खिडकीत बसले होते. म्हातारपणी दुसरं काय करणार? तर थर्लोंच्या बोळातून विनी आली. तिशीकडे झुकलेली, उंच, आईसारखीच. कवळ्यात पेंढा होता. तिनं तो दगडांवर टाकला, पायानं पसरला आणि मागे वळली. पताका बांधणारा पोलीस धावला. "ओ बाई! आज नाही! मिरवणूक आहे!" तिची पाठ होती. मी खिडकी उघडून म्हटलं, "ती बहिरी आहे. तुला काय सांगायचं ते मला सांग, मी आहे चांगली ऐकती!" त्यानं मला ओळखलं आणि पुन्हा पताकांकडे गेला.

मी काठी टेकत पलीकडे गेले. विनीनं घराच्या खालपासून चर्चपर्यंत, जिथं लेडीसाहेबांची गाडी वळली होती तिथपर्यंत, पेंढा घातला. हे तिला कुणी सांगितलं होतं? मी नाही. हेस्टरनंच कधीतरी बोटांनी सांगितलं असेल. मग ती वर आली आणि आईच्या खोलीत खिडकीशी उभी राहिली, तावदानावर तळवा सपाट टेकवून. गाडी आली की काच थरथरते, ते तिला हातानं कळायचं. एकदा काही थरथर लागली असावी, ती धावत खाली गेली, आणखी पेंढा टाकून आली आणि पुन्हा काचेवर हात ठेवून उभी राहिली.

मिरवणूक गेली. सगळ्या गाड्या गेल्या. आम्हाला फक्त घोड्यांचा श्वास आणि चामड्याची करकर ऐकू आली.

हेस्टरनं डोळे उघडले. "आज गाड्या नाहीत?"

"आहेत की. सगळ्या गेल्या आत्ताच."

"मग?"

"पेंढा घातलाय."

"कुणी?"

मी खिडकीकडे बोट केलं. ती बराच वेळ लेकीच्या पाठीकडे, काचेवरच्या त्या हाताकडे बघत राहिली.

"वेळेवर घातला तिनं," हेस्टर म्हणाली.

विनीची पाठ आमच्याकडे होती, तिला काही कळलं नाही. मी उठून तिच्या खांद्याला हात लावला, आणि ती वळल्यावर माझ्या वाकड्या, संधिवाताच्या बोटांनी तिला एकेक अक्षर करून सांगितलं.